अण्णासाहेबांच्या घरातल्या पाट्याला टाकी लावल्याबाबत

मी, कुमुद दिवाकर टेंबे, वय ६३ वर्षे, व्यवसाय स्मारकाची देखभाल, राहणार मयूर विहार, दिल्ली, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मला हिंदी चांगली येते, पण हा जबाब मला मराठीतच द्यायचा होता. म्हणून हवालदार रेवती मॅडम यांनी तो लिहून घेतला.

कोपर्निकस मार्गाजवळच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये माजी केंद्रीय मंत्री अण्णासाहेब यांचे बालपण गेले. वडील सचिवालयात कारकून होते. ट्रस्टने ते घर होते तसे जपले आहे. एकोणीस वर्षे त्याची किल्ली माझ्याकडे आहे आणि तिथली एक वाटीसुद्धा हललेली नाही.

स्वयंपाकघरात त्यांच्या आईंचा पाटा आहे. अकरा वर्षांपूर्वी अण्णासाहेब शेवटचे आले, तेव्हा त्यावरून हात फिरवून म्हणाले, "कुमुदताई, पार गुळगुळीत झाला हो. आईने असा राहू दिला नसता. टाकीवाला दिसला तर सोडू नका." पुढच्याच वर्षी ते गेले. छिन्नीने टोचे मारून पाटा खरखरीत करणारी माणसे आता दिल्लीत दिसत नाहीत. मी मात्र कान देऊन होते.

आज सकाळी साडेदहाला गल्लीत टाकीवाल्याची हाक आली. मी स्वतः बाहेर जाऊन रामजतन, वय सत्तरच्या पुढे, यांना आत आणले. 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी तिथे आहे. ती माझ्याच अक्षरात आहे. परवानगी मी कोणाची घेतली नाही.

टाकी लावून झाल्यावर जाडे मीठ वाटून टाकून दिले, पाटा धुतला आणि लसूण-खोबऱ्याची चटणी वाटली. महाराष्ट्रातून यूपीएससीच्या तयारीला आलेली पाच मुले घर बघायला आली होती. एरवी लोक दारातून डोकावतात आणि पुढे जातात. ही मुले वास येताच आत येऊन खाली बसली. मला फार अभिमान वाटला, तेही लिहावे.

इतक्यात व्यवस्थापक चिन्मय आले. "काकू, हे काय केलंत? हेरिटेज आहे हे, बिल्कुल हात लावायचा नसतो," असे म्हणून त्यांनी पोलिसांना फोन केला. नियमाने ते बरोबर आहेत. माझे काम गेले तरी तक्रार नाही. पण रामजतन यांनी पाटा बिघडवला, हे खोटे आहे. दुपारपासून ते ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून आहेत आणि त्यांच्या हत्यारांची पिशवी जप्त आहे.

पाट्याच्या डाव्या काठावर दोन खाचा आहेत. लहानपणी अण्णासाहेब पेन्सिल तासायचा चाकू तिथे घासत आणि आईची बोलणी खात. हे त्यांनीच मला सांगितले होते. ट्रस्टच्या यादीत त्याची नोंद नाही. रामजतन यांनी काम सुरू करण्याआधी त्या खाचांवर बोट ठेवून विचारले, "ये किसने घिसा?" मी म्हटले, "घर के बच्चे ने." ते म्हणाले, "तो इसको नहीं छुएँगे." माझ्या सांगण्याआधी म्हणाले. आता इथे ठाण्यात टेबलावर पाटा आणून पाहिला, तेव्हा खाचा जशाच्या तशा होत्या. चिन्मय यांनीही बोट फिरवून पाहिले आणि खाचांची नोंद यादीत करतो म्हणाले.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. रामजतन यांची पिशवी त्यांच्या खांद्यावर पाहिली आणि मग सही केली.