गाठीचा उपास

(कोल्हापुरातल्या एका कॅन्सर दवाखान्याचा वॉर्ड. सकाळ. खाटेवर इचलकरंजीची क्रांती. शेजारी स्टुलावर हुपरीचे चांदीकाम करणारे बाळासो, तिच्या मयत थोरल्या बहिणीचे, संयोगिताचे, यजमान.)

बाळासो : ती पिशवी आधी खाली ठेव.

क्रांती : ठेवत न्हाई. इचलकरंजीची गाडी सापडती अजून. दाजी, येणार असला तर चला, न्हाईतर बसा हितंच.

बाळासो : रक्त आणाय माणूस गेलाय. ते येऊ दे, चढू दे. मग इचलकरंजीला काय, दिल्लीला सोडतो तुला.

क्रांती : रक्त चढवा, मग केमो चढवा, मग मशिनीचा शेक द्या. अक्काला सगळं झालं की. केस गेलं, बाई गेली, गाठ तशीच.

बाळासो : तशीच न्हवती. बाहेरनं विरघळलीती. आतली ऱ्हायली.

क्रांती : ऱ्हायली न्हवं? तेच म्हणते मी.

डॉ. मेहक : क्रांतीताई, निघालात कुठे? ब्लड बँकेतून पिशवी येतेय तुमची.

क्रांती : दुसऱ्या कुणाला तर द्या ती. राग मानू नका मॅडम, पण अक्कालाबी तुम्हीच होता.

डॉ. मेहक : हो. मीच होते.

क्रांती : आन् तेच औषध आता मला.

डॉ. मेहक : त्यातलंच एक. पण आधी रक्त वाढवायचं, मग औषध. हिमोग्लोबिन सातवर आलंय तुमचं. अंगावरून रक्त जायचं थांबलं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी खालीच चाललंय. का, ते मला कळत नाहीये. जेवता ना नीट?

क्रांती : जेवते की.

बाळासो : क्रांती.

क्रांती : जेवते म्हणलं न्हवं!

बाळासो : मॅडम, ही दिवसभर काय खात न्हाई. वाडीला दत्ताम्होरं बोललीया. गाठ जाईस्तवर दिवस मावळायच्या आत अन्न शिवणार न्हाई म्हणून.

क्रांती : दाजी! घरातलं घरात ऱ्हाऊ द्यावं माणसानं.

बाळासो : तुझ्या स्नेहलचा फोन आलता. आई चक्कर येऊन जिन्यात बसली म्हणून रडत होती पोरगी.

डॉ. मेहक : कधीपासून चाललंय हे?

क्रांती : गाठ कळली तवापासनं. आन् नुसता नवस न्हाई मॅडम, मला अक्कल हाय. गाठ माझ्याच रक्तावर जगती न्हवं? मीच न्हाई खाल्लं तर ती काय खाईल? उपाशी मारतीया मी तिला. आन् तुम्ही निघालाय तिला रक्त पाजाय!

डॉ. मेहक : असं पुष्कळांना वाटतं. होतं उलटंच. गाठ भराभर वाढते, त्यामुळे तिच्या मधोमध रक्त नीट पोचत नाही. रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही. तिथल्या काही पेशी मरतात, पण काही चिवट होतात. वाढायचं सोडून गप्प बसतात. आपलं औषध मारतं वाढणाऱ्या पेशींना. ह्या गप्प बसलेल्या त्याच्या तावडीत येत नाहीत. काही तर आत शिरलेलं औषध परत बाहेर टाकतात. रेडिएशनच्या शेकाचंही तसंच, ऑक्सिजन नसेल तर तो कमी लागतो. तुमचं रक्त उतरलं की गाठ आतून आणखी गुदमरते, आणखी चिवट होते.

क्रांती : गुदमरल्यावर मरतंय की माणूस.

बाळासो : माणूस मरतंय. भट्टीतला इंगळ मरत न्हाई.

क्रांती : आता हे काय मधीच?

बाळासो : आमची भट्टी बघितलीस की तू. काम सरलं की कोळसं राखंत दाबून ठेवायचो. वारा न्हाई, म्हणून भडकत न्हाईत आन् जळूनबी जात न्हाईत. वरनं पाणी मारलं की चर्र वाजतं, राख भिजती, वाटतं विझलं. सकाळी उकरलं की आत लाल ते लालच. तुझी अक्का त्यावरच चहा ठेवायची.

क्रांती : ठेवायची. धुराचा वास यायचा चहाला.

बाळासो : तिचं दिवसकार्य झालं आन् मी परत आलतो हितं. भांडायलाच आलतो. म्हणलं, औषध का लागू पडलं न्हाई तेवढं सांगा. मॅडमनी चित्रं काढून दावली, मला काय कळंना. घरला गेलो, गार भट्टीम्होरं बसलो, तवा कळलं.

डॉ. मेहक : इंगळाइतकं सोपं नाही ते. पण चुकीचंही नाही.

क्रांती : मग रक्त दिलं म्हंजे वाराच घातला की. आणखी पेटंल ती!

डॉ. मेहक : म्हणून नुसतं रक्त देऊन घरी पाठवत नाही. पाठोपाठ औषध आणि शेक. काकांच्या भाषेत, राख उकरायची आणि लगेच पाणी ओतायचं.

क्रांती : मग बरी हुणार मी?

डॉ. मेहक : तसं वचन देत नाही. संयोगिताताईंनाही दिलं नव्हतं. त्यांची गाठ पसरल्यावर कळली. तुमची अजून एका जागी आहे. औषध आतपर्यंत पोचावं म्हणून मी धडपडतेय, आणि तुम्ही उपाशी बसताय. बघा, ठरवा. मी पलीकडचे पेशंट बघून येते.

क्रांती : गोड बोलून लई टोचती ही बाई.

बाळासो : खरं बोलती. अक्कालाबी खरंच सांगितलंतं.

क्रांती : पण दाजी, दत्ताम्होरं नारळ ठेवून बोललेय. मोडलं आन् काय वाईट झालं तर? पोरगी हाय माझी.

बाळासो : मोडू नको. मला दे.

क्रांती : काय देऊ?

बाळासो : उपास. आमच्या आईला सोमवार झेपंना झाला तवा तुझ्या अक्कानं घेतलाता का न्हाई? घरच्यानं घेतला तर चालतंय. तुझी गाठ जाईस्तवर दिवसाचं मी शिवत न्हाई.

क्रांती : तुम्ही? अक्का गेल्यापासनं देव्हाऱ्यात दिवा लावला न्हाई तुम्ही. देवाचं नाव काढलं की उठून जाता.

बाळासो : जातो. माझं आन् त्याचं भांडण हाय. त्यात तुला का वढू?

क्रांती : आन् भूक निघती व्हय तुम्हाला? जेवण लांबलं की पैंजणाच्या कड्या फेकत होता म्हणं.

बाळासो : एकदाच फेकलत्या. तुझ्या अक्कानं सगळ्या येचाय लावल्या, मगच ताट वाढलं. ती बाटली घे. सोड पाणी माझ्या हातावर.

क्रांती : हितं? दवाखान्यात?

बाळासो : मग काय वाडीला जाऊन येऊ? सोड.

क्रांती : घ्या. दत्ता महाराजा, आजपासनं माझा उपास दाजींचा. गाठ तेवढी माझी.

बाळासो : झालं. आता ह्यो डबा उघड. अंडी हायत, मेथी हाय.

क्रांती : भाकरी कुणी थापली?

बाळासो : मी.

क्रांती : वाटलंच. कोपरं हायत की हिला. अक्काचा डबा न्हवं ह्यो?

बाळासो : व्हय. खा.

डॉ. मेहक : रक्त आलंय. काय ठरलं, ताई?

क्रांती : लावा. डाव्या हाताला लावा मॅडम, उजव्यानं जेवतीया.

डॉ. मेहक : आधी रक्त लावू, मग सावकाश जेवा. काका, तुम्हीही घ्या की त्यांच्याबरोबर दोन घास.

बाळासो : नको मॅडम. माझा उपास हाय.