चारनंतर थेट सहा

— नाही हो मास्तर, छापखान्याची चूक कसली, आधी बसा तरी. ती खुर्ची नको, तिचा एक पाय रुसलेला आहे, या इकडे. वर सभागृहात तुम्हा सदस्यांना गादीच्या खुर्च्या, आणि त्या मोडल्या की खाली तळघरात आमच्या संशोधन कक्षाला. चालायचंच. तो झरोका बघताय ना, त्यातून काय दिसतं? बूट. बावीस वर्षं झाली, मी सदस्यांना बुटांवरून ओळखते — आणि तुम्ही येताय हे मला मघाशी तुमच्या सुटलेल्या नाडीवरून कळलं. बांधा ती. पहिल्यांदा निवडून आलाय, आज बाराला विधेयकावर मतदान आहे, निदान तोवर तरी पडू नका.

तर काय म्हणत होतात — तक्ता चारनंतर थेट सहा, मग पाच कुठे गेला? अहो, टिपण चौतीस पानांचं, परवा सकाळी सगळ्या सदस्यांच्या हातात एकाच वेळी पडलं, पावणेदोनशे प्रती, आणि एकाला — एकालाही! — पाच हरवल्याचं कळलं नाही. गणिताचा मास्तर निवडून दिला की हे असं होतं. बाकीचे कसे वाचतात सांगू? पहिलं पान वाचायचं, शेवटचं चाळायचं, आणि मधला एखादा आकडा उचलून भाषणात फेकायचा. तोही धड नाही. आम्ही लिहिणार सदुसष्ट, ते म्हणणार 'सुमारे सत्तर'. आम्ही लिहिणार एकतीस, ते म्हणणार 'तीसेक'. आम्ही इथे एकेका आकड्यासाठी चार चार दिवस फोन फिरवायचे आणि वर गेल्यावर यांनी तो झटकून टाकायचा!

चहा घ्या ना. साखर किती? — बघा, तेसुद्धा मी विचारते, सुचवत नाही. सवयच लागलीय. आमचं कामच ते — तुम्ही विचारायचं, आम्ही शोधायचं, काय करा नि काय करू नका हे सांगायचं नाही. सरकारी बाकाला जे टिपण, तेच विरोधी बाकाला. घरी मुलगी विचारते, आई, निळा घालू की पांढरा, आणि मी दोन्हींचे फायदे-तोटे सांगत बसते. ती बिचारी तोवर तिसराच घालून निघून जाते. नवरा म्हणतो, लग्नाला हो म्हणालीस तेव्हा तरी दुसरी बाजू तपासली होतीस का? — तपासली होती. त्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

हो हो, पाचवर येतेय. मास्तरांचा पिंडच तो, उत्तर मिळेपर्यंत फळ्यासमोरून हलायचं नाही. तर — ते बाहेर दोघं बसलेत ना, एक टक्कल, एक जाड चष्मा? त्यांना आम्ही होबुवा आणि नाहीबुवा म्हणतो. कुठलंही टिपण बाहेर जाण्याआधी दोघांनी वाचायचं. होबुवाला वाटतं ते नव्या गोष्टीच्या विरोधात झुकलंय, नाहीबुवाला वाटतं बाजूने झुकलंय. दोघांनीही तोंड वाकडं केलं की समजायचं, टिपण सरळ आहे. बावीस वर्षांत ही युक्ती चुकली नाही. आणि या वेळी, मास्तर, या प्रसूतिगृहांच्या टिपणाला — दोघांनीही मान डोलावली. छान आहे म्हणाले. छान! नाहीबुवाने तर माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला. मला घामच फुटला.

का म्हणजे? त्यांना माहीत होतं ना. — काय माहीत होतं ते राहू द्या. मुद्दा असा की हे दोघं मला सांभाळून घेताहेत असं मला वाटलं, आणि सांभाळून घेतलेलं टिपण म्हणजे कललेलं टिपण. म्हणून मग कललेलं कुठे आहे ते मी शोधायला लागले, आणि पाच काढला. आपल्या मनाचा ओढा ज्या बाजूला असेल तिकडचंच थोडं कमी करावं, म्हणजे तोल राहतो — असं वाटलं. हसू नका. हो, आता मलाही कळतंय. खरा आकडा काढून कसला आलाय तोल? शाळेतल्या पोराने असं केलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतंत.

पाचमध्ये काय होतं, सांगते. विधेयक काय म्हणतं — वर्षाला तीनशेपेक्षा कमी बाळंतपणं होतात ती छोटी प्रसूतिगृहं बंद करा, बायकांना मोठ्या इस्पितळात न्या. त्यात तथ्य आहे, तक्ता तीन बघा, मोठ्या ठिकाणी डॉक्टर दिवसरात्र असतो, हात रोजचा चाललेला असतो, जीव वाचतात. आणि पाचमध्ये होतं ते दुसरं — दोन भागांत अशी प्रसूतिगृहं सहा वर्षांपूर्वीच बंद झालीत, तिथे वाटेत, गाडीत, रस्त्याच्या कडेला झालेली बाळंतपणं. आधी वर्षाला नऊ. नंतर एकतीस.

तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. बरं, ऐका. माझी धाकटी बहीण त्यातल्याच एका भागात दिलेली आहे. पहिल्या वेळी गावच्या प्रसूतिगृहात अडली, तिथल्या डॉक्टरला काही सुधरेना, मोठ्या इस्पितळात नेली म्हणून दोघी वाचल्या — ती भाची आता नऊ वर्षांची आहे आणि माझ्या बोलण्यातल्या चुका काढते, अगदी तुमच्या जातकुळीची. दुसऱ्या वेळी प्रसूतिगृह बंद झालेलं. फाटकाजवळ गाडी थांबली, रेल्वे जायची होती. मुलगा झाला. सतरा मिनिटं होता. म्हणजे बघा, आमच्या घरातच दोन्ही बाजू आहेत. मला बाहेर शोधायला जावंच लागलं नाही. फार वाईट वाटतं हो मास्तर. अजून वाटतं. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं, ताई, तुझ्या त्या कागदात आमचं आहे का काही? मी म्हटलं, आहे. आणि नंतर काढला.

पुढच्या तक्त्यांचे क्रमांक बदलायला विसरलात का म्हणता? बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे क्रमांक तपासतेय. विसरले असेन. विसरले असेन म्हणजे — जाऊ दे. चहा निवतोय तुमचा.

नाही, प्रत तुम्हाला देणार नाही. एकट्याला तर नाहीच. हात मागे घ्या. एकाला तेच सगळ्यांना, हा नियम मी आज मोडला तर आधीच्या चुकीवर दुसरी चूक. काल संध्याकाळीच सुधारित पान तयार करून ठेवलंय, नुसतं पाठवायचं धाडस होत नव्हतं. झरोक्यात तुमची नाडी दिसली, तुम्ही येऊन विचारलंत, आणि ते धाडस झालं. बघा — 'तक्ता पाच माझ्याकडून वगळला गेला, तो सोबत जोडला आहे', खाली माझी सही. होबुवा! अहो, हे पावणेदोनशे काढा, आत्ता, आणि वर सगळ्या बाकांवर ठेवायला द्या. सगळ्या! — बघा, कसं तोंड वाकडं केलं त्याने. आणि चष्मेवाला? त्याचंही वाकडं! चला, आता टिपण सरळ झालं.

ही पहिली घंटा. उठा. — नाही, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं हे मला विचारू नका. खरंच माहीत नाही मला. एक भाची आहे आणि एक भाचा नाही, त्याची बेरीज मला येत नाही, तुम्ही गणितवाले, वर जाऊन तुम्ही करा. फक्त एक करा मास्तर. बोलायला उभे राहिलात तर तो आकडा एकतीस म्हणा. घाईत तीसेक म्हणू नका.

निघा आता. नाडी.