साखळी आठ किलोची, पिल्लू पाच किलोचं

पैज लागली, मंडळी! भर चौकात, मारुतीच्या देवळापुढं! आणि पैज कसली? हरणाऱ्यानं गळ्यात कुत्र्याची साखळी घालायची, बाजाराच्या दिवशी विजेच्या खांबाला बांधून घ्यायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून — भुंकायचं! तासभर!

हसताय? हसा. पण आधी माझा एक सवाल पदरात बांधून ठेवा. घरात कुणी दांडगं येणार असलं, तर तयारी कशाची करायची? त्याच्यापासून घर वाचवायची — का घरापासून त्याला वाचवायची?

अहो, पहिल्या रांगेतले काका, मान डोलवू नका. अजून काही कळलेलं नाही तुम्हाला. मलाही कळायला वेळ लागला.

तर तासगावच्या पुढं बोरमाळ नावाचं गाव. द्राक्षाचं गाव. द्राक्ष वाळवायची, बेदाणा करायचा. फाल्गुन लागला की घराघरात बेदाणा! अंगणात, सोप्यात, माळ्यावर, खाटेखाली. आंघोळ करून टॉवेल झटकला तरी दोन बेदाणे पडतात!

तिथं जोतीराम म्हणून बागायतदार. बायको इंदूवहिनी. मागल्या साली त्याच्या शेडमधनं मालाचे बॉक्स चोरीला गेले. जोतीरामनं ठरवलं, कुत्रा आणायचा. साधासुधा नाही. रॉटवीलर, दांडगी विलायती जात! आणि अजून पिल्लू आलंच नाही, तवर नाव ठेवलं — रणगाडा!

मग तयारी. लोहाराकडनं पिंजरा. भिंतीवर काचा. गेटवर पाटी — ‘कुत्र्यापासून सावध’. आणि साखळी! अशी जाड की बैलानं बघून रजा मागावी!

शेजारी अक्काताई. साठीची बाई, चार शेळ्या, आणि जीभ — कात्रीला धार लावायची असली तर लोक हिच्याकडं यायचे! ती भर चौकात कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “जोत्या, पिल्लू आणतोयस का दरोडेखोर?”

“अक्का, वाघ आहे वाघ! माझं घर शंभर टक्के तयार आहे. त्याला इथं काही बाधलं, तर सांगशील ते हरेन!”

“पाडव्यापर्यंत खोट काढून दावते!”

“न्हाई निघाली तर?”

“तर मी भुंकते!”

झालं! लागली पैज.

पिल्लू आलं. मंडळी, रणगाडा कसा होता सांगू? काळा गोळा. भुवयांवर दोन तांबूस ठिपके. चालताना स्वतःच्याच पायात पाय! जोतीरामनं बेदाण्याच्या काट्यावर ठेवलं — पाच किलो. अक्काताई म्हणाली, “आता साखळी ठेव.” आठ किलो!

“वाढत्या अंगाची घेतलीय,” जोतीराम म्हणाला. शाळेची चड्डी घेतल्यासारखी!

आता नीट ऐका. जोतीरामच्या घरची एक रीत. घरात नवा जीव आला — सून येऊ दे, वासरू येऊ दे, बाळ घेऊन माहेरवाशीण येऊ दे — उंबऱ्यावर ओवाळायचं आणि ओंजळभर बेदाणा द्यायचा. आमचं जे गोड ते तुझं! वाईट आहे का रीत? सांगा! सोन्यासारखी रीत! इंदूवहिनींनी रणगाड्याला कुंकू लावलं आणि ओंजळ पुढं केली. त्यानं मिटक्या मारल्या. सगळी गल्ली बघायला आलेली. ज्यानं त्यानं चार-चार दाणे दिले. अक्काताई खोट शोधायला आलेली — तिनंही मूठभर दिले! कौतुक कुणाला आवरतंय?

मग दांडग्याला नेलं शेडच्या मागं, बांधलं, आणि सगळे निघून आले. माणसं दाखवायची नाहीत! माणसांत राहिला तर मऊ पडतो म्हणे! आपल्याकडं असले शास्त्रज्ञ प्रत्येक पारावर दोन असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी भाकरी घेऊन गेल्या. पिल्लू उठेना. भोवती उलट्या. पाण्याचं भांडं साखळीला लागून कलंडलेलं. वहिनी ओरडल्या, “अहो, धावा! तुमचा वाघ मान धरंना!”

जोतीरामनं उचललं, गाडी मारली तालुक्याला. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, हिरड्या बघितल्या. “काय खाल्लं?”

“साहेब, काही न्हाई! दूध-भाकरी... आणि बेदाणा.”

डॉक्टरांचा हात थांबला. “बेदाणा? अहो, कुत्र्याला विष आहे ते! कुणाला पचतो, कुणाचं मूत्रपिंड बंद पडतं. किती खाल्ला?”

किती खाल्ला! मंडळी, कोण सांगणार? सगळ्यांनी दिला, बघितला कुणीच नाही!

“सलाईन लावतो. दोन-तीन दिवस. लघवी सुटली तर जगेल. नाहीतर...”

जोतीराम बसला फरशीवर. बाटली धरून. सात फुटी माणूस — बरं, साडेपाच, पण मिशी धरली तर सात! त्या पिल्लानं काय करावं? ज्यानं बांधलं, ज्याच्या उंबऱ्यावर विष पोटात गेलं, त्याच्याच पावलावर हनुवटी टेकून झोपलं. जोतीराम हलला नाही. पायाला मुंग्या आल्या, हलला नाही.

पांडुरंगा! हेच तर तुझ्या-माझ्यात चाललंय रे. आम्ही काहीही करावं, आणि तू आमच्याच पावलाशी येऊन बसावंस!

दुसऱ्या दिवशी दुपारी फरशी ओली झाली. सांगायला गंमत वाटते, पण त्या ओल्या फरशीकडं बघून तो मिशीवाला हमसून रडला. डॉक्टर म्हणाले, “जगलं. आता घर नीट तयार करा.”

“साहेब, पिंजरा आहे, साखळी आहे—”

“ते तुमच्या भीतीसाठी आहे. त्याच्यासाठी काय आहे? हे उद्या पन्नास किलोचं होणार. आत्ताच माणसांत वाढवा, हाताची सवय लावा, शिस्त लावा. कोपऱ्यात टाकलंत तर माणूस म्हणजे कोण हेच त्याला कळायचं नाही. आणि घरी जाऊन आधी रांगा.”

“रांगा?”

“त्याच्या उंचीवरनं घर बघा.”

आणि जोतीराम रांगला! इंदूवहिनी पदर तोंडाला लावून बघतायत — नवरा खाटेखाली! “अगं, इथं दाणे! ही वायर लोंबतेय! फिनेलची बाटली उघडी! डांबरगोळ्या!” वीस वर्षं त्या घरात राहिला, मंडळी — उभ्यानं! गुडघ्यावर आला तेव्हा घर दिसलं.

आता तुमच्याकडं वळतो. पळायचं नाही, बुक्का लावायचाय अजून! तुमच्याकडं सून आली, तिला रीतीभाती सांगितल्यात. तिच्या उंचीवरनं तुमचं स्वयंपाकघर बघितलंत? पोरगं वयात आलं, दांडगं झालं. कुलपं वाढवलीत, त्याच्याशेजारी बसलात? आपलं गोड ते सगळ्यांचं गोड, असं धरून चालतो आपण. प्रेमानं ओंजळ भरतो. भरा! पण समोरच्याला काय सोसतं, ते विचारलंत का कधी? देव माफ करील, तो मोठा आहे. पाच किलोचा जीव कुठून माफ करणार? तो तर मरून जाईल, आणि आपण म्हणू — आम्ही काय कमी केलं होतं त्याला!

तर बाजाराचा दिवस उजाडला. अक्काताईनं पैजेचं नावही काढलं नव्हतं. जोतीराम आपल्या पायानं आला. ती आठ किलोची साखळी स्वतः गळ्यात घातली, खांबाला कडी लावली, मातीत बसला. भाजीवाल्या थांबल्या, एसटी थांबली! कंडक्टर म्हणाला, “काय पाटील, लस घेतली का?”

जोतीराम म्हणाला, “भो!”

चौक कोसळला हसून! तेवढ्यात गर्दी सारत अक्काताई आली. हसली नाही. म्हणाली, “सरक जरा.”

“अक्का, तू जिंकलीस की!”

“कशी जिंकले? मूठ कुणाची होती रं ती?”

त्याच्या गळ्यातनं लोंबणारं साखळीचं टोक उचललं तिनं, पदरावरनं गळ्यात घेतलं, त्याच्या शेजारी मांडी घातली. गल्लीतले जे जे पिल्लू बघायला आले होते, ते हसायचे थांबले आणि एकमेकांचे हात बघायला लागले.

अक्काताईनं सगळ्यांवरनं नजर फिरवली, मान वर केली, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं भुंकली.