जेवणानंतरची फेरी

दवाखान्यात पहिल्या तपासणीला आलेली शिंपीणबाई अंग चोरून बसली होती. पीसीओएस हा बीजकोशाचा विकार असूनही दिवस गेले, या आनंदापेक्षा तिला धास्तीच जास्त होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सात महिन्यांची गरोदर सून.

"हिलाही पीसीओएस. साखर वाढू शकते, असं डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या," तिनं नर्सला दिलेली माहिती कानावर पडल्यानं गृहस्थ आपणहून सांगू लागले.

"बाबा, कशाला सगळ्यांना?"

"सांगू दे की. जिद्दीची आहे पोर. जेवण झालं की चालायला निघते."

"निघते कसली! मी कंटाळा केला की बाबा चपला घालून दारात उभे."

"आणि गोड खावंसं वाटलं तर?" शिंपीणबाईनं विचारलं.

"बाबांनी स्वतः बिनसाखरेचा चहा सुरू केला. मग मी कुठल्या तोंडानं मागू?"

"जन्मभर बस चालवली मी. पायी चालायला हिनं शिकवलं."

नर्स दारात येऊन सुनेला म्हणाली, "ताई, रिपोर्ट छान आहेत. साखर, बीपी, सगळं ताब्यात."

गृहस्थ ताठ बसले. "ऐकलंत?"

"बाबा, तुमचीही साखर उतरली ते सांगा ना."

"उतरली. पण पहिला नंबर हिचा."

शिंपीणबाई त्यांच्याकडे सरकली.

"चालायला कुठल्या रस्त्यानं जाता हो तुम्ही?"