पिशवी भरेपर्यंत

— नाही गो शर्मिष्ठा, हात नाही हलवत मी, तू नको घाबरू. दोन्ही हातांत सुया आहेत एवढं कळतं मला. ओठांना मुंग्या आल्यात तेवढ्या, त्या येतील असं तू म्हणालीच होतीस. या हातातून रक्त जायचं, त्या यंत्रात घुसळायचं, पांढऱ्या पेशी तेवढ्या वरच्या पिशवीत काढून घ्यायच्या आणि उरलेलं तांबडं या दुसऱ्या हातातून परत — म्हणजे लोणी तुमचं आणि ताक माझं. हस की जरा, डॉक्टरीणबाई झालीस म्हणून हसायचं नाही का? तीन तास म्हणालीस ना? मग गोष्ट सांगते. गप्प बसून मला वेळ घालवता येत नाही.

ऐक. घाटकोपरला होती भटवाडी, भटवाडीला होता डोंगर, डोंगराला एकशे अकरा पायऱ्या आणि शेवटच्या पायरीला एक खोली. खोलीत कोण कोण राहायचं? धाकू राहायचा, धाकूची बायको नलिनी राहायची, आणि त्यांचा एकुलता एक सिद्धेश. — हो, हो, तुझ्या कागदावरचीच नलिनी, दुसरी कोण? पण गोष्टीत तिला तिकडेच राहू दे, मला सोपं पडतं. तर धाकू गिरणीत होता. गिरणी बंद पडली, धाकू ट्रकवर क्लीनर म्हणून लागला — सुरत, वापी, कुठे कुठे जायचा. मग एकदा खोकला घेऊन आला तो कायमचाच आला. चाळीत सांगितलं, टीबी आहे. टीबी होताच, खोटं नाही सांगितलं नलिनीने, अर्धं सांगितलं. गणपतीच्या आधी आठ दिवस गेला. मग डॉक्टरांनी नलिनीचं रक्त तपासलं, तिच्यातही तेच निघालं, एचआयव्ही. कुठून आणलंस हे तिने त्याला विचारलं नाही. विचारायला तो होता कुठे? आणि असता तरी — काय माहीत. रडली का? नाही. घरी आली, रेशनचे तांदूळ निवडले, पोरगा शाळेतून आला, त्याला वाढलं. तांदळात खडे फार होते. त्या दिवसाचं एवढंच आठवतं.

पुढे गोळ्या सुरू झाल्या. आधी सकाळ-संध्याकाळ, आता ती एकच मोठी. सतरा वर्षं, एक चुकली नाही — तुझ्या फॉर्मवर तू खूण केलीस ती खरी आहे. डबी हलली की आतल्या गोळ्या वाजतात, म्हणून ती देव्हाऱ्याखाली वातींच्या पिशवीत ठेवायची, कापसात आवाज होत नाही. सिद्धेशला कळू दिलं नाही. अकरा वर्षांचा होता, काय सांगणार त्याला? मोठा झाला तेव्हा वाटलं, आता कशाला. मग पवईला नोकरीला लागला, मग लग्न झालं, जान्हवी आली घरात. सुनेला तर विषयच नाही. आज तीच आलीय मला सोडायला — रक्त तपासायचंय, वेळ लागेल, एवढंच सांगितलंय. खाली बसली असेल बाळीला घेऊन.

हां. बाळी. आता गोष्टीत बाळी आली.

कसं आहे, नलिनीला पाटीवर अक्षर काढता येत नव्हतं, पण तान्ह्याला न्हाऊ घालावं तर तिनेच. भटवाडीतली छत्तीस पोरं तिच्या पायांवर न्हाली. नावं सांगू? प्रबुद्ध, प्रीतम, रतनची जुळी, तो कुंडलिक — आता रिक्षा चालवतो, मला बघून लाजतो. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, मूल नडग्यांवर उपडं घालायचं. आधी खोबरेल, मग चण्याचं पीठ दुधात कालवून, मग पाणी. डोक्यावरून ओतताना कपाळाशी हात आडवा धरायचा, नाकात थेंब जाता कामा नये. सासूने शिकवलं तिला, मारून शिकवलं. धाकू गेला, रक्तात ते निघालं, तेव्हा नलिनीने हे बंद केलं. हात दुखतात म्हणाली चाळीत. मग ती नवी गोळी आली, डॉक्टर म्हणाले, आजी, आता रक्तात काही सापडत नाही. तिला वाटलं, गेला आजार. म्हणून बाळी झाली तेव्हा तिने पुन्हा पाट मांडला. चार महिने रोज. जान्हवी स्वतः आणून पायांवर ठेवायची, म्हणायची, "घ्या आई, तुमचं गिऱ्हाईक आलं. तेल कमी लावलं तर तक्रार करेल हां."

आणि मग तू आलीस.

दोष नाही देत मी, बस, उठू नकोस. त्या दिवशी गोळ्यांच्या रांगेतून मला बाजूला घेतलंस, कागद वाचून दाखवलास. आजी, रक्तात सापडत नाही, पण विषाणू गेलेला नाही, लाखो पेशींत एखाद्या पेशीत झोपून राहतो, गोळी थांबली की उठतो, तो किती लपलाय ते आम्हाला मोजायचंय — हेच म्हणालीस ना? बघ, शब्द न् शब्द. लिहिता येत नाही म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. तेवढ्यात तुझा फोन वाजला, तू बाहेर गेलीस. परत आलीस तर मी म्हटलं, कळलं मला, आण शाई. दिला अंगठा.

काय कळलं होतं? हेच, की तो घरातच आहे. आणि मी त्याच हातांनी पोरीला तेल चोळतेय. हाताला भेगा आहेत बघ, या कोळंबी सोलून सोलून पडलेल्या. — हो गो, माहीत आहे, समुपदेशनाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एका ताटात जेवा, हात धरा, काही होत नाही. ते मोठ्या माणसाचं. तान्ह्याचं कातडं वेगळं असतं. तान्ह्याचं कातडं तेल पितं — तू कधी बघितलंस? मी बघितलंय, अर्धी वाटी बघता बघता पितं. तेल पितं तर हेही पिणार, नाही का? कोणाला विचारलं नाही मी. विचारलं आणि हो म्हणाले असते तर?

दुसऱ्या दिवशी जान्हवी बाळीला घेऊन आली तर म्हटलं, गुडघे धरलेत. तिसऱ्या दिवशी म्हटलं, चक्कर येते. मग तिने विचारणं सोडलं. आता स्वतःच टबात घालते, पोरगी किंचाळते, मी गॅस पुसत बसते. सात महिन्यांची झाली, मला बघून हात पुढे करते, मी दुसरीकडे बघते. — मी 'मी' म्हटलं का? असू दे. मीच ती, तुला काय माहीत नाही?

सिद्धेश म्हणाला, "आई, मुलगी झाली म्हणून का? नातू हवा होता तुला?" जेवताना विचारलं त्याने. मी काय म्हटलं? म्हटलं, आमटीत मीठ बरोबर आहे ना? ताट सरकवून उठला. आता येत्या रविवारी टेम्पो सांगितलाय. बदलापूरला जान्हवीच्या आईजवळ खोली बघितलीय. वाईट वाटलं का? तेच शोधतेय मी, कुठे वाटतं ते. सापडत नाही.

तर आता नीट सांग मला. आकडा कधी देणार? त्यासाठीच आलेय मी, तुमच्या पिशवीसाठी नाही. तुम्ही म्हणे त्या झोपलेल्याला काचेत उठवून मोजता. मोजा. एकही निघाला नाही तर मी तिला पायांवर घेईन, आणि मग बघू टेम्पो कसा येतो ते. रविवारच्या आत हवा, आज बुधवार आहे. — काय? — सहा महिने? — आणि पेशंटला देतच नाही आकडा? मग हे — नाही, ओरडत नाहीये. हात नाही हलवला. बोल.

परत बोल. हळू. — न्हाऊ घालून होतच नाही? तेलाने? भेगांतून? — मुका घेतला तर? — आता नाही म्हणतेस ते गोळ्यांमुळे ना? — गोळ्या नव्हत्या तेव्हाही नाही? तान्ह्यालाही नाही? म्हणजे तेव्हा सिद्धेशलासुद्धा मी — पोरगा अकरा वर्षांचा, बाप गेलेला, आणि मी त्याला लांब झोपवत — नाही. ते राहू दे. ते मोजून आता काय करू.

तू माझ्याकडे बघत नाहीयेस. पडद्याकडे काय बघतेस?

जान्हवी? तू कधी आलीस वर? — किती ऐकलंस? — काय? काय म्हणालीस? लग्नाआधीच? सिद्धेशने सांगितलं होतं? त्याला कुणी — कापूर शोधताना डबी सापडली. दहावीत. आणि मला एक अक्षर नाही बोलला. आणि तू — थांब, मला मोजू दे. म्हणजे चार महिने तू सगळं माहीत असून तिला आणून माझ्या पायांवर ठेवत होतीस?

रडू नको गो बाय. मुलगी म्हणून नव्हतं ते. देवाशप्पथ नव्हतं.

अगो, काय करतेस? नको, माझे हात बांधलेत, धरणार कशी मी? — तू धरतेस? घट्ट धर. आता बसती झालीय ती, उपडी राहायची नाही. हं. ठेव. अजून खाली, नडग्यांवर. केवढी जड झाली. काय घालतेस तिला खायला? टबात घालून पाठीची काय दशा केलीयस ही, घामोळं बघ, कुणी पुसली नाही नीट. उद्या सकाळी पाणी मी तापवणार, तू मध्ये पडायचं नाही.

आणि त्या टेम्पोवाल्याला फोन लाव. आत्ता लाव, माझ्यासमोर. सांग, रद्द. का म्हणून विचारलं तर सांग, सासूची कटकट. आणि सिद्धेशला म्हणावं, संध्याकाळी लवकर ये, तुझ्या आईला बोलायचंय.

शर्मिष्ठा, तू जरा पडद्याच्या पलीकडे उभी राहा बघू. — यंत्र चालू दे, त्याला काय कळतंय. जा म्हटलं ना. घरचं बोलणं आहे.