कोऱ्या रकान्याचा नियम

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बोट कंपनीचे संचालक विलियामे साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती लोसालिनी मारामा आणि सुवा कचेरीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

बाहेर यंगोनाचं पेय घोटून तयार आहे, तेव्हा मी लांबण लावणार नाही. खरं तर मला इथे उभंच राहवत नाहीये. लिहून आणलेलं भाषण मघाशी खिशात चुरगळलं.

मारामा अकरा वर्षं आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख. पीएचपी ही संगणकाची भाषा मला त्यांनीच शिकवली. आता तिकिटाचा अर्ज घ्या. वय सात लिहिलं, आकडा बरोबर. सोबतच्या मोठ्या माणसाचं नाव कोरं, तेही चालतं, कारण मोठी माणसं एकटी जातात. पण दोन्ही एकत्र पाहिलं तर? प्रणालीतले तयार नियम एकेक रकाना तपासतात, म्हणून मारामांनी दोन्ही रकाने मिळून पाहणारा नियम लिहायला सांगितला. तो सोबत्याच्या रकान्याला जोडला गेला. आणि आपल्या प्रणालीची खोड अशी, की रकाना कोरा असला तर त्यावरचा नियम ती चालवतच नाही, तिला तसं मुद्दाम बजावावं लागतं. ते राहिलं.

पुढचं आपण जाणताच. सात वर्षांच्या मेरेसेईनीला एकटीचं तिकीट मिळालं. मामा कोरो बेटावर वाट पाहत होता, ही ओव्हालाऊ बेटाच्या धक्क्यावर उतरली. तिथल्या एका बाईंनी तिला घरी नेऊन उकडलेला कसावा खाऊ घातला, पण मामाला पत्ता लागेपर्यंत दोन दिवस गेले. चौकशीत मारामा एवढंच म्हणाल्या, की मंजुरी माझी होती. आणि त्यांनी राजीनामा दिला.

नियम लिहिला कोणी, हे कुणी विचारलं का?

मी लिहिला. मंजुरीआधी त्यांनी विचारलं होतं, "सिरेली, नाव कोरं ठेवून पाहिलंस ना रे?"

मी म्हटलं, "हो, पाहिलं."

पाहिलं नव्हतं. जेवायची घाई होती, साहेब, दुसरं काही नाही.

मारामा, मान हलवू नका, बोलू द्या मला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. त्याचा मला रागही येतो.

साहेब, त्यांच्या राजीनाम्यावर तुमची सही व्हायची आहे. माझं पत्र तुमच्यासमोर हारांच्या तबकाखाली आहे. आधी ते वाचा.

संयोजकांनी बोलू दिलं, आभारी आहे. शब्द कमीजास्त झाले असतील तर सभेने पोटात घालावेत. त्या 'हो'ची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. उद्या सकाळच्या बोटीने कोरो बेटावर मेरेसेईनीकडे जातोय.