नकाशातलं जुनं गाव

लोहाऱ्याच्या स्टँडवर नागसेनचं दहादा घड्याळ बघून झालं होतं. फुकटातलं, कुणालाही बदलता येईल असं सॉफ्टवेअर शाळाशाळांत बसवत हिंडणं, हेच त्याचं काम. त्याच्या पाठीमागच्या बाकावर कुणी आजी-नात बोलत होत्या.

"आजी, शाळेच्या कॉम्प्युटरातला नकाशा आमी पोरींनी दुरुस्त केला."

"काय केलंस?"

"जुनं गाव पुसलं."

"का गं?"

"भूकंपात पडलं न्हवं? तिथं नुसत्या बाभळी हायत. सॉफ्टवेअर बसवणारे सर म्हणले, आज दिसतंय तेवढंच ठिवा."

"मला बदलता येतं का त्यात?"

"व्हय, कुणालाबी येतं."

त्याची गाडी लागली. नागसेन उठला, पुन्हा बसला.

"मग शिकव मला. आडापासनं तिसरं घर. त्या राती तुझी गुलाबआत्या दारातच निजली हुती."